बारा अ‍ॅटोमायझर

इथे आखातात, सलवातल्या आमच्या घरी बायकोने मला मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सिगारेट सोडायची शपथ घ्यायला लावली. मुलगी म्हणाली, "बाबा, धिस इज सो सिली." शपथ म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. मी देव फारसा मानत नाही, पण त्यानंतर लायटर हातात घेतला की न पेटवताच परत खिशात जायचा.

म्हणून इलेक्ट्रॉनिक सिगारेट घेतली. धूर नाही, वाफ; बायकोने मंजुरी दिली. तिच्या मध्यभागी अ‍ॅटोमायझर असतो. पेराएवढी नळी, आत केसासारखी तार, ती तापली की निकोटिनच्या रसाची वाफ होते. तो तुंबतो. मग फुंकर मारायची, गरम पाण्यात बुडवायचा, टिश्यूवर उभा करून दिवसभर वाळवायचा. मी कोकणात स्टोव्हवर वाढलेला. पहिला तुंबला तेव्हा मी आत बारीक पिन घातली. तार तुटली. दुसऱ्याला मात्र फुंकर आणि पाण्यावरच ठेवला, तरी त्याला करपट वास येऊ लागला.

शर्कमधला केरळी दुकानदार म्हणाला, "सेठ, दो ले लो. ये लंबावाला, आपकी बैटरी का."

"दो का क्या करूं? बारह दे, और भाव ठीक से बोल."

अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी त्याने काउंटरखालून एक पुडकं काढलं. "इस भाव में ये है. लगाके देखो."

बॅटरी माझ्या खिशातच होती. पण शुवैखमध्ये मी एसीचं वर्कशॉप उभं केलं ते एका नियमावर: भाव तुटला की तिथे क्षणभरही थांबायचं नाही, समोरच्याला पस्तावायला वेळ मिळतो. पैसे टाकले आणि निघालो.

घरी लावून पाहिले. बॅटरीवर बसवायचा आटा अर्धा फिरून अडकला. बाराही तसेच. त्याच संध्याकाळी जुनाही मेला.

दुसरा दिवस शुक्रवार, इथली सुट्टी. दुकान चारला उघडणार. सकाळी माझा फोरमन आला. रत्नागिरीचा, जुना माणूस. माझं तोंड बघून त्याने पाकीट पुढे केलं.

"एक झुरका मारा, शेट. भाभींना कोण सांगतंय?"

मी त्याला शिव्या घातल्या. मग सिगारेट घेतली. बोटांत फिरवली, हुंगली. त्याने काडी ओढली, तेवढ्यात मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आली. एरवी मराठीचा शब्द न बोलणारी.

"बाबा," ती म्हणाली, "डोकं माझं आहे."

फोरमनने काडी विझवली आणि उगाच एसीकडे बघत बसला.

चार वाजता मी दुकानाच्या शटरसमोर उभा होतो. वाटेत चांगल्या शिव्या जमवल्या होत्या. दुकानदाराने लांब अ‍ॅटोमायझर बॅटरीवर बसवला आणि माझ्या हातात दिला. मी ओढला. वाफ आली.

"और वो बारह?" मी विचारलं.

"सेठ, बोला था, लगाके देखो." त्याने त्या एका नळीचा भाव सांगितला, कालच्या तिप्पट, आणि हसला. मी घासाघीस न करता पैसे दिले.

सिगारेट पुन्हा ओढली नाही. बायको म्हणते, त्या दुकानदाराचे उपकार माना. उपकार मानतो. पण त्या एका नळीचा त्याने लावलेला भाव मला आजही मान्य नाही.