माधवचं काय झालं?

गोष्ट रंगात आली की कुसुमकाकू हातातलं संत्रं तळहातावर गोल फिरवायची आणि गप्प बसायची. ढिगाभोवती बसलेल्या बायांचेही हात मग थांबायचे. मोठी संत्री एकीकडे, मधली दुसरीकडे आणि बारीक चुरी तिसरीकडे टाकायची, ज्यासाठी सगळ्या जमलेल्या असत ते हे काम ठप्प. काकू सगळ्यांकडे एकदा नजर फिरवायची आणि म्हणायची, ''हात चालू द्या वं बायांनो. इमान काही तुमच्यासाठी थांबत नाई.''

हे इमान म्हणजे अंतराळयान. आमची काकू शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बगिच्यात बसून दरवर्षी एक विज्ञानकादंबरी सांगायची, यावर कोणाचा चटकन विश्वास बसत नाही. 'सहाव्या ग्रहाची वाट' हे त्या कादंबरीचं नाव. लग्नाआधी तिच्या वडिलांनी अमरावतीहून ती आणून दिली होती. लेखकाचं नाव काकूला कधी आठवलं नाही, आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. पुस्तक पुढे उधईनं खाल्लं. तोवर ते तिला तोंडपाठ झालं होतं, निदान तिचं म्हणणं तसं होतं.

आम्ही अमरावतीचे. दिवाळीच्या सुट्टीत काकाकडे जायचो, तेव्हा संत्र्याचा तोडा सुरू असायचा आणि गोष्टही. सहाव्या ग्रहावर निळी धूळ होती. तिथे गेलेली माणसं आपल्यासारखीच होती, म्हणजे तीही चहावाचून कुरकुरायची, आणि धुळीचं वादळ आलं की कप्तान ओरडायचा, ''काहून बसले रे पाय पसरून? झाकण लावा इमानाचं!'' मी पुढे रसायनशास्त्र शिकले, अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवू लागले, आणि अर्धवट शहाणपणाच्या भरात काकूला एकदा म्हणाले की इतक्या लांबून आवाज यायला फार वेळ लागेल. काकू म्हणाली, ''टाईम लागते तं लागू दे. आपल्याले कुठी जाचं हाये?''

आवाज कोणाचा, ते सांगायला हवं. गोष्टीत माधव नावाचा एक बिनतारीवाला होता. सावळा, अंगानं वाळका, कमी बोलणारा. वादळात यान उडवायचं तर मनोऱ्यावर बसून खुणेचे संदेश देणारा कोणीतरी मागे राहणं भाग होतं. माधव राहिला. यान उडालं, बाकीचे सुखरूप पृथ्वीवर आले. पण गोष्ट तिथे संपायची नाही. दरवर्षी तो ग्रह जवळ आला की पृथ्वीवरची एक बाई यंत्रापुढे बसायची आणि हाक मारायची, ''माधवा, हाये का रे?'' थोडा वेळ नुसती खरखर. काकू संत्रं फिरवायची. मग माधव होऊन अगदी हळू आवाजात म्हणायची, ''मी हाओ अथी. आयकू येते का?''

या ठिकाणी सिंधू नेहमी मान खाली घालायची. सिंधू काकूच्या बगिच्यात तोड्याला येणारी. तिचा नवरा संत्र्याच्या ट्रकवर हमाल म्हणून उत्तरेकडच्या कुठल्याशा मंडीला गेला होता. ट्रक परत आला, तो आला नाही. काही म्हणाले वाटेत उतरला, काही म्हणाले दुसरा संसार थाटला, काहींनी याहून वाईट काही सुचवलं. सिंधूनं यातलं काही मानलं नाही आणि काही नाकारलंही नाही. ती दरवर्षी तोड्याला यायची आणि काकूच्या उजव्या हाताला बसायची. ती जागा दुसरी कोणी घेत नसे.

तर या कादंबरीवर सिनेमा निघतोय अशी बातमी आली. आमच्या घरच्या मोबाईलच्या ग्रुपवर, एरवी जिथे फक्त सुप्रभात आणि वाढदिवस असतात, तिथे एकदम धुरळा उडाला. काकूचा मुलगा अविनाश, आता बगिचा तोच बघतो, त्यानं जाहीर केलं की पहिल्याच दिवशी सगळ्यांना गाडीनं अमरावतीला नेणार. मग सिनेमाची झलक आली आणि उत्साहावर पाणी पडलं. धूळ निळी नव्हती, तांबडी होती. कप्तान व्यायामशाळेतून थेट यानात चढलेला दिसत होता. सिंधूनं अविनाशच्या मोबाईलवर झलक पुन्हा पुन्हा पाहिली आणि विचारलं, ''माधव यवढा गोरा कसा झाला?''

काकूला मात्र धुळीच्या रंगाची फार फिकीर नव्हती. ''मी बी कुठी पाह्यलं इमान?'' ती म्हणाली. ''एकडाव उडतानी पाहून घेईन, मंग मेली तरी चालते.'' एवढी हौस होती तिला. आणि दोन दिवसांनी तिचाच मला अकोल्याला फोन आला. आवाज दबका. आजूबाजूला सिंधू असावी.

''पोरी, फिल्लममधी माधव मरते का वं?''

''मले काय माहीत काकू? पुस्तकात काय हाये? तू तं वाचलं ना.''

पलीकडून दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, ''थेच तं याद येऊन नाई राह्यलं. थो बोलते, थे पुस्तकात होतं, का सिंधी पह्यल्यांदा माह्याजवळ येऊन बसली तवा म्या सांगतलं? मी त्याले वाचवलं का पुस्तकानं? तू शिकेल बाई, पता लाव. थो मरत असन तं सिंधीले नेनं नाई. आन् तिले नेलं नाई तं मी बी जात नाई.''

मला वाटलं होतं, हे सोपं काम आहे. अकोल्यात जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली, ग्रंथालयातल्या कार्डावर पुस्तक होतं आणि कपाटात नव्हतं. मग आमच्या कॉलेजातले देशमुख सर मला त्यांच्या रविवारच्या मंडळींत घेऊन गेले. ही पाच-सहा निवृत्त माणसं एका चहाच्या टपरीवर बसून सिनेमावर बोलत होती. सगळ्यांनी तरुणपणी ती कादंबरी वाचलेली, सगळ्यांचं तिच्यावर प्रेम, आणि एकाच्याही घरी ती नाही. मी विचारलं, माधवचं काय होतं?

''मरतो,'' एक जण म्हणाले. ''शेवटच्या पानावर. मी रडलो होतो.''

''काहीतरीच,'' दुसरे म्हणाले. ''दुसरं यान जातं त्याला आणायला. मला ते चित्रासकट आठवतंय.''

देशमुख सर स्वतः शपथेवर सांगत होते की माधव त्या ग्रहाच्या लोकांत मिसळून जातो आणि परत यायला नकार देतो. एकानं अशीही शंका काढली की मासिकात क्रमशः छापून आली तेव्हा शेवट वेगळा होता आणि पुस्तकात वेगळा. चहा दोनदा झाला. सिनेमावाले कादंबरीचं वाटोळं करणार यावर सगळ्यांचं एकमत होतं, पण वाटोळं नेमकं कशाचं करणार यावर कोणाचंच कोणाशी पटेना. पुस्तकाची नवी आवृत्ती सिनेमाबरोबर येणार असं ऐकलं होतं, ती काही आली नाही. मी काकूला फोनवर सांगितलं की तो मरतो, वाचतो आणि तिथेच राहतो. काकू म्हणाली, ''तुले इतकं शिकवून काय फायदा झाला वं?''

शेवटी निकाल सिंधूनंच लावला. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण इतकी वर्षं एका ढिगाशी बसलेल्या बाईपासून काय लपतं? नवं लुगडं नेसून ती सकाळीच अविनाशच्या गाडीजवळ येऊन उभी राहिली. मग काकूचाही नाइलाज झाला.

अमरावतीच्या थिएटरात मी त्यांना भेटले. काकूनं पिशवीभर संत्री आणली होती. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणून दारावरच्या माणसानं अडवलं, तेव्हा काकूनं ती सगळी पिशवी त्यालाच दिली आणि वर बजावलं, ''खालची मोठी हायेत, थे घरी ने.'' आत अंधार झाला आणि मी पडदा सोडून या दोघींकडेच बघत बसले. यान उतरलं. धूळ तांबडी होती. मध्येच एक गाणं झालं, ते काकूनं पाहुणचारासारखं सोसलं. मग वादळ आलं, कप्तान काहीतरी इंग्रजीत ओरडला, आणि तो गोरा माधव मनोऱ्याची शिडी चढू लागला. काकूनं डोळे गच्च मिटले. सिंधूचे डोळे टक्क उघडे. तिनं काकूचा हात धरून ठेवला होता. यानाच्या खाली आग पेटली, सगळं थिएटर थरथरलं, आणि पडद्यावर अक्षरं आली. पुढचं दुसऱ्या भागात.

दिवे लागले. मागून शिट्ट्या आणि शिव्या आल्या. काकूनं डोळे उघडून विचारलं, ''करंट गेला का?''

दुसरा भाग म्हणजे काय, हे आम्ही काकूला गाडीपर्यंत समजावत होतो. अर्धीच गोष्ट दाखवून लोकांना घरी कसं पाठवतात, हे तिला पटेना. ''म्या कधी पाठोलं का कोनाले अर्ध्यातून?'' ती म्हणत होती. आणि इतकं करून यान उडताना तिनं पाहिलंच नव्हतं. सुटका झाली म्हणून आनंद मानावा की संकट फक्त लांबणीवर पडलं म्हणून काळजी करावी, मला कळेना.

नवी आवृत्ती सिनेमा उतरल्यावर आली, मुखपृष्ठावर त्याच गोऱ्या माधवाला घेऊन. मी अकोल्याहून काकूकडे निघाले तेव्हा बसमध्ये ती वाचायला घेतली. मनोरा आला, यान उडालं, माधवनं हात हलवला. पुढचं प्रकरण शेवटचं. त्यात पृथ्वीवर स्वागत होतं, कप्तानाचं भाषण होतं, मानवाच्या प्रगतीबद्दल दोन पानं होती. माधव नव्हता. मी परत मागे जाऊन वाचलं. तो मेला नव्हता, वाचला नव्हता, त्याच्यासाठी कोणी थांबलंही नव्हतं. भाषणात त्याचं नावसुद्धा नव्हतं. लेखक त्याला मनोऱ्यावर बसवून चक्क विसरून गेला होता. देशमुख सरांना मी फोन केला, तर ते म्हणाले की या आवृत्तीत पानं गाळली असणार. त्यांच्या मंडळींतल्या प्रत्येकानं आपापल्या मनानं माधवचं काहीतरी केलं होतं आणि पुढे ते छापलेलं आहे असं सगळे समजून चालले होते. मला राग आला होता. कोणाचा, ते मात्र सांगता येत नव्हतं.

काकू तेव्हा थकली होती. ओसरीत बाजेवर पडून असायची. मी तिला सगळं सांगितलं. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, माधवला पुस्तकानं नव्हे, तिनं वाचवलं होतं. ती ऐकून उठून बसली. चेहरा घाबराघुबरा.

''म्हंजे इतके साल थो माह्याच भरोशावर होता?'' ती म्हणाली. ''आन् म्या दोन साल गुडघ्यापायी तोड्याले गेलीच नाई वं!''

मी काहीतरी समजूत घालायला गेले, पण तिनं ऐकलं नाही. सिंधूला बोलवून घेतलं. माझ्यासमोरच तिला म्हणाली, ''सिंधे, पुस्तकवाला त्याले तथीच सोडून आला वं. इसरला थो. आतालोक म्याच त्याले धरून ठेवलं. आता तू पाह्यजो.''

सिंधू बाजेच्या कडेला बसली. काकूच्या पायावरची गोधडी सारखी करत म्हणाली, ''मले मालूम होतं बाई.''

''काय मालूम होतं?''

''का थे तुमचं हाये म्हून. माह्या घरवाल्यासारखा काळा, वाळका, थो पुस्तकात कुठून येईन?''

काकू तिच्याकडे बघतच राहिली. मग दोघी हसल्या आणि हसता हसता रडल्या, आणि मी तिथे ते पुस्तक हातात धरून उगाच उभी होते. काकू त्याच उन्हाळ्यात गेली. शेवटच्या दिवसांत तिला माणसांची नावं आठवत नव्हती. माझ्याकडे बघून ती एकदा म्हणाली, ''झाकण लावलं का इमानाचं?'' मी हो म्हणाले.

यंदा दिवाळीत मी शेंदूरजनाघाटला गेले. तोडा सुरू होता. ढीग होता, बाया होत्या, मधली जागा रिकामी होती. सिंधू तिथे बसली नाही, आपल्याच जागेवर बसली. बराच वेळ नुसते हात चालले. मग तिनं सुरुवात केली. तिला काकूसारखं सांगता येत नाही, ती घाई करते, कप्तानाचं ओरडणं विसरते. पण मनोऱ्यापर्यंत तिनं नेलं. यान उडवलं. पृथ्वीवरच्या बाईला यंत्रापुढे बसवलं. हाक मारली, ''माधवा, हाये का रे?'' आणि संत्रं तळहातावर फिरवत राहिली.

''मी हाओ अथी,'' सिंधू माधव होऊन म्हणाली. ''आयकू येते. पन यंदा तिकडचा आवाज दुसरा हाये. पह्यल्या बाई कुठी गेल्या?''

ढिगाभोवती एकही हात हलत नव्हता. मला काकूची इतकी आठवण झाली की समोरची संत्री दिसेनाशी झाली. दुसरा भाग पुढच्या वर्षी येतोय म्हणे, अविनाश गाडी काढायला तयार आहे, आणि सिंधूला न्यावं की नाही हे मला अजूनही ठरवता येत नाही. तिला विचारलं, तेव्हा ती सहज म्हणाली, ''जाऊ ना ताई. फिल्लमवाल्याईले नसन मालूम, तं आपन सांगू.''