जिन्यातलं बंदर

हे मी घरात कुणालाच, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नाही: आमच्या मामासासऱ्यांना हैदराबादेतून घालवलं ते मी. आणि मामा म्हणजे अख्ख्या नल्लकुंट्यातला एकमेव दर्यावर्दी माणूस! उभी हयात वीजखात्यात गेली, समुद्र डोळ्यांनी पाहिला नाही, पण बोलणं सगळं गलबतांचं. चारूत, म्हणजे इथल्या रसमात, मिरी तरंगताना दिसली की यांचा घास थांबलाच. "ही रोमला निघाली होती बरं का! तिकडे हिच्यासाठी जहाजं बुडवून घ्यायचे लोक, आणि तुम्ही ताटाच्या कडेला काढून ठेवता." एका लग्नात कुणीतरी म्हणालं, हैदराबादला कुठला आलाय समुद्र. मामांनी थेट नवरीच्या गळ्याकडे हात केला. "मग हे मोती काय मूसी नदीत पिकले?" बिचारी लाजायचं सोडून मोती झाकायला लागली.

त्यांचा खरा व्यापार चालायचा आमच्या जिन्यात. ते खाली, आम्ही वर. फार पूर्वी परक्या किनाऱ्यावर भाषा कळायची नाही, म्हणून खलाशी वाळूवर माल मांडायचे, धूर करायचे आणि नावेत जाऊन बसायचे. तिथले लोक येऊन शेजारी आपला माल ठेवायचे. पटलं तर उचलायचं, नाहीतर पुन्हा नावेत. हे कुठेतरी वाचल्यापासून मामांनी धुराऐवजी आमची बेल धरली. वरच्या पायरीवर लोणच्याची वाटी ठेवायची, बेल दाबायची आणि सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांनी खाली पळायचं. आम्ही वाटीशेजारी उस्मानिया बिस्किटं ठेवायची. पसंत नसली तर दोन्ही तिथेच ठेवून मामा परत. बोलायचं नाही हा नियम, म्हणून भिंतीला ऐकवायचे, "बिस्किटं मऊ पडलीत." वॉचमन वैतागायचा, "क्या साब, मामा फिर घंटी मारको भागे!" मला मुळात बोलणं जमत नाही. साऱ्या शहरात माझं खरं जमलं ते या एकाच माणसाशी, तेही न बोलता.

एका सकाळी बेल वाजली आणि पाठोपाठ कुणीतरी गडगडत गेल्याचा आवाज आला. हाड शाबूत होतं, कपाळ फुटलं होतं. रक्त पुसताना मामा म्हणाले, "विशाखापट्टणला पोरीला कळवू नका हं, जावईबापू. घेऊन जाईल मला." मी मान डोलावली, गच्चीवर गेलो आणि तिला फोन केला. माझं नाव सांगू नकोस, असंही वर म्हणालो. ती लगोलग आली. मामांनी संशय वॉचमनवर घेतला आणि निघताना त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता त्यांच्या खिडकीतून समुद्र दिसतो. परवा फोनवर विचारलं, कसा आहे?

"मोठा आहे हो. पण इथे सगळे लिफ्टने जातात. माल मांडायचा कुठे?" मग म्हणाले, "त्या वॉचमनने घात केला माझा."

मी फोन ठेवला. संध्याकाळी खाली जाऊन वॉचमनची माफी मागितली. तो हसला. "मेरेकू मालूम था, साब."

मामांना खरं सांगणं अजून बाकी आहे.