गलोंड्याला एक चिमूट कमी

नाशिकहून जव्हारमार्गे सिल्वासाला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत लिंबाच्या लोणच्याची बरणी होती, आणि निघालो होतो लोकांचं मीठ कमी करायला. माझी भाची अनघा तिथे डॉक्टर आहे. कारखान्यातले कामगार रोज किती मीठ खातात आणि ते हळूहळू कमी केलं तर रक्तदाब उतरतो का, याचा अभ्यास तिच्या गटाने हाती घेतला होता. मी निवृत्त विज्ञानशिक्षक. मला तोलणं-मोजणं येतं, वेळ भरपूर आहे आणि मी पगार मागणार नाही, हे तिन्ही गुण तिने बरोबर हेरले. "मामा, महिनाभर या," एवढंच म्हणाली.

खानवेलच्या अलीकडे-पलीकडे सागाचं रान दाट आहे. हिवाळ्याची सुरुवात होती, पानं अजून हिरवी होती. मग एकदम पत्र्याच्या शेड, ट्रकांच्या रांगा आणि तीन भाषांतल्या पाट्या सुरू झाल्या. अनघाने दारातच माझी बरणी ताब्यात घेतली. शाळेत मी मुलांच्या गोट्या जप्त करायचो, त्याची आठवण झाली.

माझ्या वाट्याला सिल्वासाजवळच्या गलोंड्याची एक खानावळ आली. ती चालवतात अमळनेरकडच्या निर्मलाबाई. जेवायला धुळे-जळगावकडचे वीसेक कामगार, सगळे एकाच पाइपांच्या कारखान्यातले. निर्मलाबाईंचे यजमान, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्याच कारखान्यात छताखालची क्रेन चालवतात. वार्षिक तपासणीत आबांचा रक्तदाब फार वर निघाला होता. गोळी सुरू झाली होती, पण कारखान्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की दोन महिन्यांत आकडा उतरला नाही तर क्रेनवरून खाली यायचं. सतरा वर्षं वर बसलेल्या माणसाला खाली झाडू मारायला लावणं म्हणजे काय, ते निर्मलाबाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मग आबांची भाजी वेगळी काढा," मी शहाणपणा केला.

आबांनी मान हलवली. "पंगतमा माले येगळं वाढं तं मी उठी जासू." (पंगतीत मला वेगळं वाढलं तर मी उठून जाईन.)

ठरलं ते असं, की कोणाला न सांगता सगळ्या पातेल्यातलंच मीठ हळूहळू कमी करायचं.

या बाईंचा हात मी पाहिला आणि थक्क झालो. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय त्या काही चाखत नाहीत. वीस जणांची भाजी निव्वळ अंदाजाने. मी तीन दिवस त्यांच्या मुठीतलं मीठ काट्यावर घेतलं. तिन्ही दिवस काटा एकाच जागी थांबला. माझ्या प्रयोगशाळेत असा हात एकाही विद्यार्थ्याचा नव्हता, माझाही नव्हता. अनघाने दिलेला मोजमापाचा चमचा मात्र त्यांनी खुंटीला टांगला. "चमचावरी माले नही जमस, सर. हात पहिले भरस, मंग एक चिमूट परत डबामा टाकस." दर आठवड्याला परत जाणारी चिमूट एकेक वाढत गेली.

खाल्लेलं मीठ लघवीतून बाहेर पडतं, म्हणून मोजणीसाठी आबांसह काही जणांची चोवीस तासांची लघवी डब्यात जमवायची होती. डबे कापडी पिशवीत घालून मंडळी कामावर गेली आणि फाटकावरच्या गुजराती पहारेकऱ्याने अडवलं. "आमां शुं छे?" (यात काय आहे?) आबांनी खरं ते सांगितलं. पहारेकरी दोन पावलं मागे सरला आणि त्या दिवसापासून आमच्या पिशव्यांना लांबूनच नमस्कार करू लागला.

तीन आठवड्यांनी अनघा कागद घेऊन आली. पातेल्यातलं मीठ उतरलं होतं. आबांच्या शरीरातून जाणारं तसूभरही नाही. रक्तदाबही तिथेच. निर्मलाबाई म्हणाल्या, "मी खोटं नही बोलनू." त्या खोटं बोलत नव्हत्या, हे मला ठाऊक होतं. त्याच वेळी मी ताटातला चौथा बिबडा (ज्वारीचा पापड) मोडत होतो.

हात तिथेच थांबला. भाजी आळणी लागेल म्हणून त्यांनी प्रत्येक ताटात बिबडे वाढायला सुरुवात केली होती, आणि आबांच्या ताटात मायेने जास्तच. त्यात मीठ होतं आणि पापडखारही.

"खार म्हंजे मीठ थोडंच?" त्यांनी विचारलं.

अनघाने समजावलं की मिठातला जो भाग रक्तदाब वाढवतो, तोच खारातही असतो. निर्मलाबाईंनी माझ्या ताटातला उरलेला बिबडाही उचलून घेतला. मला स्वतःची शरम वाटली. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून मी तीन आठवडे समोरचा पुरावा चावून खात होतो. वर आणखी मागतही होतो.

दुसऱ्या दिवशी बिबड्यांचा डबा माळ्यावर गेला. त्यांच्या जागी लिंबाची फोड, ओला लसूण आणि बिनमिठाची जवसाची चटणी आली. पुढे माझा महिना संपला, तरी मी हललो नाही.

दोन महिने भरले त्या दिवशी आबा तपासणीहून परतले. निर्मलाबाई चुलीपाशी उभ्या होत्या. आबांनी हात धुतले, पंगतीत बसले आणि म्हणाले, "वाढ. सकाळले क्रेनवर जानं शे." गोळी चालू ठेवायची होती, पण आकडा उतरला होता. निर्मलाबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि बराच वेळ पदर डोळ्यांवरून काढला नाही.

निघण्याआधी मी एकेका जेवणाऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, भाजीतलं मीठ कमी झाल्याचं जाणवलं का? सगळ्यांनी 'नाही' सांगितलं. मी ऐटीत तसं लिहून कागद अनघाला दिले.

भटू नावाचा शिरपूरचा जेवणारा मला मोटारसायकलवर बसस्थानकावर सोडायला आला. माझी पिशवी खाली ठेवत म्हणाला, "सर, त्या कागदवर आम्ही खोटं सांगं. तिसराच दिन समजनं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"आबा वर बसस. पाइपनी मोळी आमना डोकावरथून जास. त्यानी तब्येत आमले नही पाहनी तं कोनी पाहनी? भाजी आळणी लागनी तं काय मरतस का आम्ही?" एवढं बोलून तो कामावर निघून गेला. (मोळी म्हणजे क्रेनला टांगलेला पाइपांचा भारा.)

गाडी चढणीला लागली तरी माझं मन गलोंड्यातच होतं. कॉपी करणारी मुलं मी आयुष्यभर पकडली आणि वीस जण रोज माझ्यासमोर बसून एकमेकांना सांभाळत होते, ते मला दिसलं नाही. जव्हारला फोन लागला तेव्हा अनघाला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "मामा, 'कळलं' आणि 'कळलं नाही', एवढेच रकाने आहेत आपल्याकडे. कळूनही जेवले, यासाठी रकानाच नाहीये."

"मग आखून घे," मी म्हटलं.