दाराच्या भिंतीवरचा टीव्ही

"आधी बघणारा दाखवा. भिंत मग बघू."

टीव्ही लावायला आलेला माणूस दारात चपला काढता काढता हे म्हणाला आणि मी गोंधळलेच. अशी कामं करणारे तुमच्याकडेही आले असतील. येतात, ड्रिल काढतात, घरभर लाल पूड उडवतात आणि जातात. हा चाळिशीचा, सडपातळ, खांद्याला पिशवी आणि बोटांच्या पेरांवर घट्टे. ते कशाचे, ते मला थोड्याच वेळात कळायचं होतं.

आम्ही तेव्हा लालबागला चाळीत राहायचो. मी शाळेच्या ऑफिसातून नुकतीच रिटायर झालेली, म्हणजे जेमतेम साठीची पोर, आणि अक्कलही तेवढीच. आमच्या ह्यांना अर्धांगवायू होऊन आठ महिने झाले होते. डावी बाजू गेलेली, बोलणं बंद. दाराकडे तोंड करून उजव्या कुशीवर खाटेवर पडून असायचे. गॅलरीतून जाणारे दारात थांबायचे, "कसे आहेत अण्णा?" विचारायचे. मी म्हणायची, "आहेत तसेच." की ते पुढे.

मुलाने ह्यांच्यासाठी बेचाळीस इंची एलसीडी पाठवला. ह्यांच्यासाठी हां! पण जागा मी ठरवून टाकली होती: दारासमोरची भिंत, चांगली उंच. का, तर गॅलरीतून जाणाऱ्या प्रत्येकीच्या डोळ्यांत भरावा.

"बघणारे सगळेच," मी ठसक्यात सांगितलं.

"जास्त कोण?"

मी खाटेकडे बोट केलं.

तो खाटेशी उकिडवा बसला आणि ह्यांच्या उशीच्या कडेला त्याने आपला गाल टेकवला. अगदी अलगद. ओळख ना पाळख, आणि दोन माणसं एकाच उशीवरून एकीकडे बघतायत. बराच वेळ तो हलला नाही.

"काकू, तुम्ही म्हणता ती भिंत काकांच्या पाठीमागे येते. त्यांना इथून दिसतं ते तुमचं शोकेस."

आठ महिने! माझ्या कपबश्या, प्लॅस्टिकची फुलं आणि निरोपसमारंभाला मिळालेली ढाल. आणि मी खुळी समजत होते, माझी मांडणी ह्यांना आवडते म्हणून नजर हलत नाही.

"शोकेस हलवू. टीव्ही दाराच्याच भिंतीवर, खाली."

"अहो, पण मग दारातून काहीच दिसणार नाही!"

"नाही दिसणार." तो कानावरची पेन्सिल काढत होता. "ज्याला बघायचंय तो आत येईल."

मी धुसफुसले. पण मग त्याने भिंत वाजवायला सुरुवात केली आणि माझं तोंड आपोआप मिटलं. मधल्या बोटाच्या पेराने टक्, टक्, कान भिंतीला. डॉक्टरसुद्धा छाती इतक्या मन लावून तपासत नाहीत.

"इथे चुना सुटलाय... इथे पोकळ... इथे खिडकी होती, बुजवलेली."

खिडकी होती! माझ्या लग्नाच्या आधीच बुजवलेली. सासूबाईंनी एकदा सांगितलेलं. रंगाचे इतके हात चढले, मी स्वतः त्या भिंतीला टेकून किती वर्षं भाजी निवडली, ती नेमकी कुठे ते मला कधी कळलं नाही. ह्याला टिचकीत कळलं.

"आणि हा सागाचा खांब," त्याने थोपटत म्हटलं. "हा धरून ठेवेल."

त्या खांबात त्याने ब्रॅकेट बसवलं. लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत दोनदा खोललं. टीव्ही अडकवून चालू केला आणि मी पूजेचं तबक घेऊन पुढे झाले. नवी वस्तू आली की कुंकू नको? ओलं बोट स्क्रीनच्या मधोमध दाबलं. आत काळसर डाग पसरला.

"काकू!" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ही काच नाही, कातडीसारखी आहे. ओवाळा लांबून."

मऊ फडक्याने, बाळाचं तोंड पुसावं तसं त्याने कुंकू टिपलं. डाग विरला. माझी लाज काही विरली नाही.

चहा पिऊन तो वरळीच्या कामाला गेला. पुढे चाळ पाडली, टॉवर झाला, त्याचा नंबर लागेना. त्यामुळे त्या संध्याकाळी काय झालं ते त्याला कळलंच नाही. तुम्हाला कुठे भेटला तर सांगा.

मालिकेच्या वेळेला शेजारची कुंदा दारात थबकली. "वहिनी, आवाज येतोय, टीव्ही कुठाय?"

"आत ये, मग दिसेल."

ती आत आली, वळली, आणि "अग्गो बाई!" म्हणून तिथेच उभी राहिली. तिच्या हाकेने गॅलरीतल्या आणखी चौघी आल्या. खाटेभोवती जमीन भरली. कुंदाचे गुडघे धरलेले, तिला खाली बसवेना. सिनेमाला बसल्यासारखी ती पडद्यावरची नजर न काढता म्हणून गेली, "अण्णा, जरा सरका बघू."

मग तिचं तिलाच कळलं. तिने जीभ चावली.

ह्यांनी उजवं कोपर गादीत रोवलं. खाट करकरली. आठ महिने ज्यांना मी धरून सरकवत होते, ते आमचे हे इंचाइंचाने मागे सरकले, आणि वीतभर जागा झाली.

कुंदा बसली.