लोदची गाववाली

माणूस भेटला की त्याचं गाव विचारल्याशिवाय अनुपमाला चैन पडत नसे. आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या ज्या व्हिलात ती राहते, तिथल्या चारही बिऱ्हाडांची, प्लंबरची, वॉचमनची, सगळ्यांची गावं तिला पाठ. दोन अनोळखी माणसं एकाच तालुक्यातली निघाली की हिला असा आनंद व्हायचा, जणू हिनेच त्यांचं लग्न जुळवलंय. नवरा राजन म्हणायचा, "तुला पासपोर्ट ऑफिसात बसवायला हवं होतं."

समोरच्या दारात उम्म हम्माद. म्हणजे हम्मादची आई. सगळे तिला तशीच हाक मारत. जन्म अम्मानचा, पण गाव विचारलं तेव्हा ताठ मानेने म्हणाली होती, "अल-लिद्द. फलस्तीन." पॅलेस्टाईनमधलं ते गाव तिने कधी पाहिलेलं नव्हतं. तिच्या आजोबांचा तिथे ऑलिव्हच्या तेलाचा घाणा होता, आणि अठ्ठेचाळीस साली इस्रायली सैनिकांनी त्यांना बायकामुलांसकट भर उन्हात गावाबाहेर काढलं होतं. अनुपमा क्लिनिकच्या रिसेप्शनवर जायची तेव्हा तिची लेक अवनी उम्म हम्मादच्या मांडीवर वाढली. एक निळी थाळी वर्षानुवर्षं या दोन घरांत ये-जा करत होती आणि कधी रिकामी गेली नाही. परक्या देशात अनुपमाला सख्खं म्हणावं असं ते एकच दार होतं.

मग दातांच्या त्या क्लिनिकात, इथे नोकरी करणाऱ्या लेकीकडे आलेली साठीची एक बाई आली. गाल धरून फोनवर लेकीला म्हणाली, "अगो, दाढ नुसती ठणकतेय!" पासपोर्ट इस्रायलचा, नाव एलिशेबा तळकर, आणि मराठी थेट अलिबागकडची. अनुपमा उडालीच.

"आम्ही नागावचे गो. शनवार तेली," बाई म्हणाली. "मी सहा वर्षांची असताना बाबांनी घर विकलं न् इस्रायलला गेलो."

अनुपमाही नागावचीच! शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या त्या ज्यू तेल्यांचं घर तिने पाहिलेलं होतं. आता तिथे एक शिंपी राहतो. एलिशेबा अधूनमधून ते बघायला जाते आणि शिंपीण तिला चहा करून देते.

"आणि आता कुठे असता?"

"लोदला. अरब लोक लिद्द म्हणतात."

झालं. इथे अनुपमाबाईंचं डोकं फिरलं. उम्म हम्मादची मावशी गाझात तंबूत होती. एलिशेबाचा भाचा इस्रायलवरच्या त्या ऑक्टोबरातल्या हल्ल्यात मारला गेला होता. हे सगळं अनुपमाला ठाऊक होतं. पण गाव एक निघालं की तिला पुढचं काही दिसतच नाही.

रविवारी एलिशेबा चहाला आली. अनुपमाने तिच्यासाठी पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा केला होता. नेहमीसारखी बेल न वाजवता उम्म हम्माद निळी थाळी घेऊन आत आली.

"उम्म हम्माद, यल्ला, आओ! ये आपके गाँव की हैं! लिद्द की!" अनुपमाने चक्क टाळी वाजवली.

उम्म हम्माद बसली नाही. एलिशेबाकडे बघत तिने आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, "मेरे दादा का तेल का घाना. बाज़ार के पास. वो है?"

अनुपमाने ते मराठीत सांगितलं. एलिशेबाचा चेहरा उतरला.

"पडका आहे एक. त्याच्या सावलीत मी बसची वाट बघते." मग हळूच म्हणाली, "कुणाचा ते आम्हाला कुणी सांगितलं नाही गो. आम्हीपण विचारलं नाही."

आता हे हिंदीत सांगणं आलं. अनुपमाने सांगितलं. उम्म हम्मादने थाळी टेबलावर ठेवली आणि निघून गेली.

"मी काय करायला हवं होतं?" एलिशेबाचे डोळे भरले. "बाबांनी नेलं तिथे गेले. सरकारने घर दिलं तिथे राहिले."

अनुपमाला कुणाची समजूत घालावी तेच कळेना. आतून अवनी ओरडली, "आई! यू इंट्रोड्यूस्ड देम लाइक इट्स सम हळदीकुंकू!"

समोरचं दार बंद झालं ते झालंच. निळी थाळी ओट्यावर पडून होती. रिकामी द्यायची नाही, आणि तिच्यात घालावं काय ते सुचत नव्हतं. दोनदा वड्या केल्या, दोनदा स्वतःच खाल्ल्या. एलिशेबा वाईट वाटत नव्हती, उम्म हम्माद तर नव्हतीच. मग चुकलं कुणाचं?

"तुझं," राजन म्हणाला.

एका संध्याकाळी बेल वाजली. दारात उम्म हम्माद. बेल वाजवून ती पहिल्यांदाच आली होती, आणि ते अनुपमाला फार लागलं.

"वो औरत का घर, तुम्हारे गाँव में. अभी कौन रहता?"

"दर्जी. उसके बाबा ने बेचा था."

"वो जाती, देखने को?"

खोटं बोलावं असं क्षणभर अनुपमाच्या मनात आलं. "जाती है. चाय भी पीती है."

उम्म हम्माद जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. "तुम्हारा गाँव में उसको चाय. मेरा गाँव में उसको घर. और मैं? मेरे को वीज़ा भी नहीं." तिने अनुपमाकडे रोखून पाहिलं. "और तुमने ताली बजाया, अनुपमा."

अनुपमाला रडू फुटलं. उम्म हम्मादने थाळी मागितली. अनुपमाने तिसऱ्यांदा केलेल्या नारळाच्या वड्या तीत भरल्या, आणि तिने त्या घेतल्या.

आपल्या दारापाशी जाऊन ती वळली. "वो फिर आएगी तो पहले मेरे को बताना."

भेटायला, की तेवढा वेळ घराबाहेर जायला? साऱ्या दुनियेला प्रश्न विचारणाऱ्या अनुपमाला हा एक विचारता आला नाही.

पुढच्या महिन्यात एलिशेबाचा मेसेज आला. दाढेचं काम राहिलंय, शनिवारी सूर्य मावळल्यावर चहाला येते. अनुपमाने समोरची बेल वाजवली आणि सांगितलं.

उम्म हम्मादने ऐकून घेतलं.

"कितने बजे?" तिने विचारलं.

"सात," अनुपमा म्हणाली, आणि उम्म हम्माद अजून काही बोलेल म्हणून तिथेच उभी राहिली.