अष्टूरच्या घुमटात घेतलेलं नाव

रत्नम्माच्या पायाला भिंगरी होती. चक्कीत दळण ठेवलं की तेवढ्यात नवी पेठेत जाऊन लुगड्यांचे भाव विचारून यायची, घ्यायचं काही नसलं तरी. आणि नवरा मिळाला तो चनबसप्पा, जागचा न हलणारा. मिसरूड फुटल्यापासून मागावर उभा राहिला, तो केस पिकले तरी अक्कलकोट रोडच्या कारखान्यात चादरीच विणत होता.

मागांच्या खडखडाटानं त्याचे कान खाल्ले. उजवा कधीच गेला होता. डाव्यात बॅटरी मारून डॉक्टर म्हणाले, हाही जाणार, थोड्याच दिवसांचा आहे. रत्नम्मा वाटभर डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडत आली.  दारात चपला काढताना चनबसप्पा म्हणाला, "कान जायच्या आदी एकदा माजं नाव घे."

आता काय म्हणावं या माणसाला! बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आईनं रत्नम्माला लहानपणापासून बजावलेलं. लग्नात उखाणा घेतला तोही पदरात तोंड खुपसून. वाजंत्र्यांत तो कुणाला ऐकू गेला असेल तर शपथ. तेव्हापासून 'अवो', नाहीतर 'आमचे हे'. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर ही शेजारणीला पुढं ढकलायची.

"काईतरीच! या वयात लाज न्हाय वाटत?" ती फणकारली. पण त्या दिवसापासून तिच्या जिवाला चैन पडेना. भाकरी थापताना ओठ हलायचे, नाव अगदी तोंडाशी यायचं, आणि ती ते गिळून टाकायची. नाही घेतलं आणि कान गेले तर? घेतलं आणि माणूसच गेला तर?

दिवाळीत तो तिला विजापूरला घेऊन गेला. गोल घुमटात वर भिंतीशी कुजबुजलं की पार पलीकडं ऐकू जातं म्हणे. तिथं ती हळूच नाव घेईल, असा त्याचा बेत. पण कुठली कुजबुज नि काय! सहलीची पोरं, शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या, आणि प्रत्येक आरोळी फिरून फिरून अंगावर येणारी. रत्नम्मा डोकं धरून खाली उतरली. चनबसप्पाचं तोंड उतरलं. "कारखान्यातच आल्यागत झालं की. आपण बीदरला जाऊ. त्ये लई गप हाय म्हंत्यात."

शिवरात्र झाल्यावर, हुमनाबादला एसटी बदलून, दोघं बीदरला पोचली. गाव जुनं, सुलतानांच्या राजधानीचं, पण विजापूरसारखी झुंबड नाही. रत्नम्माला ती शांतता सोसेना. टांग्यात ती सारखी बडबडत होती: कडी नीट लावली का, मांजर दूध पिईल का, टांगेवाला परतीला थांबेल का. चनबसप्पा तिच्या तोंडाकडं बघून नुसता मान डोलवत होता.

गावाबाहेर अष्टूरला सुलतानांच्या कबरी शेतांत उभ्या आहेत. एका घुमटात दोघं शिरली. आत गार अंधार, वर रंगीत नक्षी, दुसरं माणूस नाही. चनबसप्पा पलीकडं जाऊन मान वर करून नक्षी बघत उभा राहिला, तिच्याकडं पाठ करून. तिला वाटलं, मुद्दाम. मला लाज वाटू नये म्हणून.

तिनं डोळे मिटले. 'देवा सिद्धरामा, आयुष्य कमी करायचं तर माजं कर,' असं मनात म्हणाली आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "चनबसप्पा!"

घुमट दणाणला. पारवे फडफडले. बाहेरचा टांगेवाला आत डोकावून गेला. चनबसप्पा नक्षीच बघत होता.

रत्नम्माला आठवलं. संक्रांतीपासून हा माणूस बोलताना तिच्या तोंडाकडं टक लावून बघायचा. म्हातारपणी प्रेम उतू चाललंय म्हणून तिनं चिडवलंही होतं. मागांच्या आवाजात कामगार एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखतात, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण डोक्यात प्रकाश पडला तो आत्ता.

ती धावत त्याच्यासमोर गेली आणि खांदे धरले. "अवो, कवापासनं?"

तो ओशाळला. "संक्रांतीपासनं. काईच ऐकू येत न्हाय."

"मग एवड्या लांब कशापाय आणलं मला? घरात घेतलं असतं की नाव!"

"वाटलं," तो म्हणाला, "लई गप जागा असंल, तर उरलंसुरलं ऐकू यील."

रत्नम्माला हुंदका आवरेना, पण रडताना ओठ वाकडे होतील म्हणून तिनं पदरानं तोंड पुसलं. दोन्ही हातांत त्याचा चेहरा धरला आणि सावकाश, एकेक अक्षर सोडवून, त्याचं नाव घेतलं. त्यानं मान हलवली, पुन्हा घे म्हणून. तिनं पुन्हा घेतलं. बाहेर टांगेवाला हाका मारून थकला, तरी ती घेतच होती.