भिंतीपलीकडचा बागुलबुवा

आमच्या शेजारचे काका सोफ्यांना कापड चढवतात. त्यांचं दुकान आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत. पोर जेवेना की आमच्याकडून हाक जाते, "बागुलबुवा, ये रे!" आणि काका लाकडी हातोड्याने भिंतीवर ठोके देतात. माझ्या लेकाने याचा धसका घेतला तर, या काळजीने मी अर्धी होते. पण सासूबाईंपुढे कोण बोलणार.

ही युक्ती काकांनी काढली ती स्वतःच्या मुलीसाठी. आई गेल्यावर तिने जेवणच सोडलं होतं. एका हाताने भरवायचं, दुसरा पाठीमागे नेऊन हळूच भिंतीवर ठोकायचं. मोठी झाल्यावर तिला हे कळलं, तेव्हा पोट धरून हसली होती.

परवा काकांनी मला विचारलं, "तुम्ही शिकलेल्या. बागुलबुवा म्हणजे नक्की काय हो? कुठून आला हा शब्द?" मुलगी माहेरी आली होती, आणि चार वर्षांची नात आजोबांजवळ फिरकत नव्हती. तिच्या आईने तिला घरी सांगून ठेवलं होतं, "जेव, नाहीतर आजोबांना बोलावीन. तेच बागुलबुवा."

मी शब्दकोश पाहिला. मुलांना भिववायला कल्पिलेला कुणीतरी, एवढंच त्यात होतं. शब्द कुठून आला, ते नव्हतं. हे सांगायला दुकानात गेले, तर काका नातीसमोर जमिनीवर बसले होते. त्यांची मुलगी कापडाच्या गठ्ठ्यावर टेकली होती. कोशात काय सापडलं ते मी सांगितलं.

"ऐकलंस? पुस्तकातसुद्धा लिहिलंय, तो नसतोच," काका नातीला म्हणाले. "बुवा म्हणतात म्हणजे आधी कुणी साधा म्हातारा असेल. लोकांनीच त्याचा बाऊ केला."

"मग तुम्ही ठोकत नाही?"

"खिळे ठोकतो. ये, दाखवतो."

पोर बिचकत पुढे सरकली. तिने अर्धवट भरलेली उशी चाचपली, मग आजोबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

तेवढ्यात पलीकडून सासूबाईंची हाक आली, "बागुलबुवा, ये रे! हा तोंड उघडत नाही बघ."

काका हलले नाहीत.

"बाबा, ठोका की. पोर उपाशी राहील," मुलगी हसत म्हणाली. काकांनी मानेनेच नाही म्हटलं. तेव्हा तिनेच हातोडा उचलला आणि लहानपणापासून ऐकलेल्या लयीत ठोके दिले. "बघ, असे ठोकतात तुझे आजोबा."

नात रडली नाही. गुडघ्यावरचा हात काढून ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

"तुझ्यासाठी शिकलो होतो गं ते," काका म्हणाले.

"गंमत केली हो, बाबा. लगेच तोंड पाडू नका."

भिंतीपलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "शाबास. गिळला घास."